माझा बैल माझ्याकडेच राहील

श्रावणातली अमावास्या आली की नागपुरात सोडून देण्याचे दिवस सुरू होतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात. 1880च्या दशकापासून ही मिरवणूक चालत आली आहे. घरातली इडापीडा, रोगराई, वर्षभर साचलेला संताप तिच्या स्वाधीन करून लोक तिला गावाबाहेर पोचवतात आणि जाळून टाकतात. बडग्यांचे पुतळेही तिच्यासोबत जळतात. पाठोपाठ गणपती येतो. ज्याच्यासाठी घर डोक्यावर घेतलं तोही दीड दिवसानं, पाच दिवसांनी, फार तर अनंत चतुर्दशीला पाण्यात जातो. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात पूजेचे बैलसुद्धा मातीचे असतात. पुढच्या वर्षी नवे आणायचे.

आमच्याकडे मुलांचा बैल लाकडाचा असतो आणि तो परत घरी येतो. तान्हा पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या पोळ्याच्या, संध्याकाळी मुलं नवे कपडे घालून त्याला तोरणाखाली नेतात. कुठे सजावटीची स्पर्धा असते, कुठे नुसताच गलका. मग दारोदार फिरायचं. घरोघरच्या बाया बैलाच्या पायावर पाणी घालतात, कुंकू लावतात, ओवाळतात आणि मुलाच्या हातात बोजारा ठेवतात. कुणी दहा रुपये देतं, कुणी बिस्किटाचा पुडा, कुणी हौसेनं पेन. रात्री घुंगरमाळ सोडायची, झूल घडी करायची, शिंगांचा बेगड अलगद काढायचा आणि बैल माळ्यावर ठेवायचा. आमच्या शहरात असे बैल आहेत ज्यांना तीन-तीन पिढ्यांनी ओढलं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर भलेमोठे नंदी चाकांवर निघतात आणि ते पाहायला आसपासची गावं लोटतात. विकत घेतलेल्या, जत्रेत मिळालेल्या बहुतेक खेळण्यांचं आयुष्य एका पावसाळ्याचं. लाकडी बैलाला मात्र घरात जागा असते, मान असतो, वय असतं.

ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली सुरू केली असं सांगतात. मला त्या सालाचं फार नवल वाटतं. 1803 च्या अखेरीस अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला. पाठोपाठ देवगावच्या तहानं कटक प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा सगळा मुलूख गेला. राज्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गेला. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी हा राजा शहरातल्या मुलांच्या हातात लाकडी बैल देतो, त्यांचा वेगळा पोळा भरवतो. या दोन गोष्टी मी माझ्या मनाशी जोडते. ज्याच्याकडून एवढं काढून घेतलं गेलं, त्याला मुलाच्या मुठीत असं काहीतरी असावं असं वाटलं असेल, जे कुणी तहात मागणार नाही.

आमचा वाडा महालात होता. ओसरीवरची एक तुळई वाळवीनं एका टोकाला पोखरली, ती काढून नवी घातली, तेव्हा उरलेलं चांगलं सागवान आजोबांनी फेकू दिलं नाही. गल्लीतल्या सुताराकडून त्यांनी दोन बैल करवून घेतले, एक चुलतभावाला, म्हणजे दादाला, एक मला. सुतार ओसरीवरच बसून काम करायचा. रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या गुंडाळ्या मी आणि दादा कानात अडकवून फिरायचो. वशिंड कोरताना तो दर थोड्या वेळानं थांबून तळहात फिरवायचा. तेवढं वशिंड मला अजून हाताला ओळखू येतं. दादाच्या बैलाची मान खाली, चारा खाल्ल्यासारखी. माझ्या बैलाची मान जरा उजवीकडे वळलेली. लाकडात तिथे गाठ होती आणि सुतारानं गाठ न तोडता मान वळवली. पोटाखाली पटाशीनं आमच्या नावांची पहिली अक्षरं कोरली गेली. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरीले कायले पाह्यजे बैल?" आजोबा म्हणाले, "ओढता येते नं तिले? मंग झालं." माझ्या आयुष्यातला तो पहिला निवाडा, आणि तो माझ्या बाजूनं लागला.

माझ्या बैलाची झूल आजीनं शिवली. तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ आणि आतून आजोबांच्या धोतराचं अस्तर. दरवर्षी खांदशेकणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, गावाकडे खऱ्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून शेकतात, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आजी हे सगळं आमच्या लाकडी बैलांचंही करायची. पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्याला तूप लावायची. त्या तुपानं माझ्या बैलाच्या खांद्यावरचं लाकूड बाकी अंगापेक्षा काळपट झालं आहे. ते डाग मी कधी घासून काढले नाहीत.

पुढे रस्ता रुंद झाला, वाड्याचा पुढचा भाग गेला आणि मागचा विकावा लागला. मी मनीषनगरला फ्लॅटमध्ये आले. वाड्याचं लाकूड कुठे कुठे गेलं, कुणाच्या फार्महाऊसचा दरवाजा झालं, कुणाच्या चुलीत गेलं, कळायला मार्ग नाही. त्या वाड्यातलं म्हणून दाखवता येईल असं सागवान आता माझ्याकडे एवढंच आहे, चार चाकांवर उभं असलेलं.

हे सगळं मी इतकं सविस्तर सांगते आहे, कारण गेल्या पोळ्याला माझ्या दिवाणखान्यात जे झालं त्यात यातलं एक अक्षरही बोलायला मला जागा मिळाली नाही.

दादा पुण्याहून आला होता. सोबत वहिनी, त्यांचा चार वर्षांचा मुलगा आणि मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू. तान्हा पोळ्याला आमच्या जिल्ह्यात सुट्टी असते, म्हणून दोन दिवस जास्त राहिले. मी लॉफ्टवरून बैल काढला, पुसला, झूल चढवली. मुलगा त्याच्या प्रेमात पडला. सोसायटीच्या आवारात त्यानं तो इतका ओढला की एका चाकाची खीळ सैल झाली. मला ते बघून खरंच बरं वाटत होतं. बैल ओढला गेला पाहिजे, तो काचेच्या कपाटातला नव्हे. संध्याकाळी त्यानं बोजारा गोळा केला, माझ्या बैलाच्या तोंडापुढे बिस्किट धरलं आणि स्वतः खाल्लं.

निघायच्या सकाळी बैल मोठ्या पिशवीत भरलेला दिसला. वर टॉवेल घातला होता. मी तो बाहेर काढून ठेवला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो ताई, राहू द्या ना, त्याला फार आवडलाय." मी म्हटलं, "आवडलाय ते मी पाहिलं. पण तो माझा आहे." मुलगा रडायला लागला. मोठी आई पलंगावरून बोलली, "पोट्टं रडून राहिलं नं, देऊन टाक. तुले काय करायचं आहे त्याचं आता? तुझ्यामागं कोण आहे खेळणारं?"

मी लग्न केलेलं नाही. मला मूल नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बऱ्याच वर्षांत कुणी त्यावर बोललेलं नाही. पण वस्तूंचा प्रश्न आला की ते असं बाहेर येतं. जिला मूल नाही तिच्या वस्तूंना वारस नाही, आणि ज्याला वारस नाही ते आजच सगळ्यांचं, असा हिशेब आपल्या घराघरांत न बोलता मांडलेला असतो. एकट्या आत्याची सोन्याची साखळी, मावशीचं शिवणयंत्र, विधवा काकूंचा तांब्याचा बंब यांच्याकडे घरातली माणसं त्या बाया हयात असतानाच "पुढे आमच्याकडे येईल" अशा नजरेनं बघतात. महाराष्ट्रानं 1994 साली कायदा करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क दिला. पुढे 2005 साली तो देशभर लागू झाला. वाड्याच्या विक्रीत माझी सही लागली, माझा वाटा मला मिळाला, त्यात कुणी काही बोललं नाही. कागदावरच्या वस्तूंना कागद राखतो. बाहुली, भातुकली, लाकडी बैल यांना राखायला बाईनं स्वतः "नाही" म्हणावं लागतं, आणि नेमकं तेवढंच म्हणायला तिला लहानपणापासून शिकवलेलं नसतं.

उलट शिकवलेलं असतं. "पाहुणा आहे ना तो, दे त्याला" हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी मूल मला भेटायचं आहे. माझ्याकडे एक कापडी बाहुली होती, आईनं जुन्या खणाची केलेली. बाबांच्या ओळखीचे कुणी साहेब सहकुटुंब आले होते. त्यांच्या मुलीनं बाहुली उचलली आणि जाताना ती तिच्या काखेत होती. मी दारापर्यंत गेले. आईनं माझा खांदा दाबला. तो दाब मला आजही आठवतो, कारण आई मला रागावलेली नव्हती. तिचा हात थरथरत होता. बाहुली तिनं शिवलेली होती आणि तिलाही ती द्यायची नव्हती. पण सासू-सासऱ्यांसमोर, नवऱ्याच्या साहेबांसमोर, "नको, तिची आहे ती" एवढं म्हणण्याची मुभा त्या घरात तिला नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघींनीही बाहुली दिली नाही. ती आमच्याकडून गेली. दोन्हींत फरक आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकापाशी आहे.

मला साठवून ठेवण्याचं वेड नाही. माझी भातुकली मी स्वतः पोतं उघडून आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीला दिली. पितळी जातं तेवढं तिला जड वाटलं, पण ती ते घेऊन गेली. सायकल दिली, गोष्टींची पुस्तकं वाचनालयाला दिली. कॅरमच्या सोंगट्या कुठे गेल्या मला ठाऊक नाही आणि त्याचं दुःखही नाही. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. तान्ह्या मुलाला एखादी चिंधी, एखादं मऊ खेळणं का सोडवत नाही यावर त्यांचा 1953 साली छापलेला निबंध प्रसिद्ध आहे. आई ते खेळणं मळकं झालं तरी धूत नाही, कारण धुतलं तर मुलाच्या लेखी ते तेच राहत नाही, हे त्यांनी नेमकं टिपलं होतं. पुढे अशी वस्तू हळूहळू बाजूला पडते, ती विसरली जात नाही पण तिचा शोकही होत नाही, असं त्यांचं निरीक्षण. बहुतेक खेळण्यांच्या बाबतीत ते खरं आहे, माझ्या सोंगट्यांच्या बाबतीतही. पण काही वस्तू बाजूला पडत नाहीत. त्यांच्यात माणसं उतरलेली असतात. त्या बैलाच्या खांद्यावर आजीच्या बोटाचं तूप आहे, त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क कसा लागतो?

विनी द पू हे अस्वल सगळ्या जगाला ठाऊक आहे. ए. ए. मिल्न यांच्या मुलाचं, क्रिस्टोफर रॉबिनचं, ते खरंखुरं खेळणं होतं, 1921 साली त्याच्या पहिल्या वाढदिवसाला आणलेलं. 1947 साली ते आणि त्याचे सोबती अमेरिकेला गेले आणि 1987 पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काचेमागे आहेत. मोठेपणी क्रिस्टोफरला लोक विचारायचे, तुम्हाला ती परत नको का? त्यानं लिहून ठेवलं आहे की आज जे आवडतं ते आपल्याभोवती असावं, फार पूर्वी जे आवडायचं ते नव्हे. मला त्याचं हे म्हणणं आदराचं वाटतं. त्याचं बालपण इतक्या लोकांनी वाचून वापरलं होतं की त्याला त्यातून सुटायचं होतं. ज्याला सोडायचं आहे त्यानं मोकळ्या मनानं सोडावं. त्याच हक्कानं मी ठेवते.

आम्ही वर्ध्याच्या शेजारची माणसं. शाळेच्या सहली सेवाग्राम-पवनारला जायच्या, आणि अपरिग्रह हा शब्द पाढ्यांच्या बरोबरीनं कानावर पडायचा. म्हणून एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी नंतर मला फोनवर अपरिग्रहाची आठवण करून दिली, तेव्हा मी तो विषय झटकून टाकला नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. बापूकुटीत गांधीजींच्या अगदी मोजक्या वस्तू ठेवल्या आहेत. ज्यांनी घर, वकिली, अंगावरचा सदरासुद्धा सोडला, त्यांच्या त्या वस्तूंत तीन माकडांची एक छोटीशी मूर्ती आहे, कुणीतरी प्रेमानं दिलेली. ती त्यांनी ठेवली. आणि विनोबांचं भूदान 1951 साली पोचमपल्लीत सुरू झालं तेव्हा जमीन मागितली गेली होती, सभेत, सगळ्यांदेखत. मग रामचंद्र रेड्डी स्वतः उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केले. रेड्डींच्या जमिनीवर आधी कुणी टॉवेल टाकून ठेवला नव्हता. दान देणाऱ्याच्या तोंडून निघावं लागतं. आपल्याकडे मात्र घेणारा आधी पिशवी भरतो आणि मग देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा मोजतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आधार मिळाला तो एका फार जुन्या नाटकाचा. शूद्रकाचं मृच्छकटिक देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलं, म्हणून ते आपल्याला संस्कृतातून आलेलं परकं वाटत नाही. त्याच्या सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडत असतो. शेजारच्या श्रीमंत घरातल्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला आहे. ती गाडी त्या मुलाकडे परत गेली. दासी रदनिकेनं त्याला मातीची गाडी करून दिली, पण त्याला सोन्याचीच हवी. वसंतसेना हे बघते. तिच्याजवळ पैसा आहे, शब्दाला वजन आहे. ती शेजाऱ्याकडे माणूस धाडून ती गाडी मागू शकली असती. तसं ती करत नाही. ती अंगावरचे दागिने उतरवते आणि त्याची मातीची गाडी त्यांनी भरून देते.

मी हा प्रसंग कितीतरी वेळा वाचला होता आणि दर वेळी वसंतसेनेच्या मनाच्या श्रीमंतीवर थांबले होते. या पोळ्यानंतर मला त्यातला दुसरा मुलगा दिसला, शेजारचा, ज्याचं नावही नाटकात येत नाही. त्यानं आपली गाडी परत नेली. शूद्रक त्याला कुठेही कोता म्हणत नाही. कुणी त्याच्या आईवडिलांना नावं ठेवत नाही. गाडी त्याची, म्हणून ती त्याच्या घरी गेली. रडणाऱ्या मुलाची आस भागवायची असेल तर ती ज्याला भागवावीशी वाटते त्यानं आपल्या अंगावरचं उतरवून भागवायची. दोन मुलांमधला हा न्याय इतक्या जुन्या काळी एवढ्या सहज मांडला गेला, आणि आपण अजून "तू मोठी आहेस ना" इथेच अडलो आहोत.

मीही माझं उतरवलं. गाडी दुपारची होती. मी मुलाला घेऊन महालात गेले. तान्हा पोळा होऊन गेलेला, तरी एका दुकानात बैल उरले होते: लहान, तळहाताएवढे, आणि दोन-तीन मोठे. मी त्याला सांगितलं, तू निवड. तो दुकानात जमिनीवरच बसला. एकेकाला ओढून पाहिलं, एकाचं चाक वाजत होतं तो त्यानं बाजूला केला, आणि शेवटी एक पांढऱ्या रंगाचा, डोळे जरा मोठे काढलेला बैल उचलला. त्याची किंमत माझ्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली. मी दिली. मी सांगितल्यावर दुकानदारानं खिळा आणून पोटाखाली मुलाच्या नावाचं अक्षर कोरून दिलं, वर सालही. परतताना मुलगा त्याला मांडीवर घेऊन बसला होता आणि मध्येमध्ये माझ्या बैलाची आठवण काढून मुसमुसत होता. नवीन बैलानं जुन्याची जागा घेतली असं मी सांगणार नाही. वहिनींचा नंतर फोन आला, गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत तो रडत होता. चार वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट मिळाली नाही म्हणून तासभर रडू आलं, यात मला अन्याय दिसत नाही. ते रडणं खरं आहे, त्याला पोटाशी धरावं. पण त्यावर उपाय म्हणून दुसऱ्याच्या घरातून वस्तू उचलायची नसते, हे त्याला कुणीतरी, कधीतरी सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं, आणि मी त्याची आत्या आहे म्हणून सांगितलं.

खरं तर मुलानं बैल मागितला नव्हता. त्याला तो ओढायचा होता, आणि ते त्याला मनसोक्त मिळालं होतं. बैल मागितला मोठ्यांनी. हे माझ्या ध्यानात आलं दादामुळे. स्टेशनवर सामान चढवून झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझा असता तर मीच त्याला दिला असता." दादा पुण्याला गेला तेव्हा त्याचा बैल वाड्यातच राहिला होता. जिन्याखालच्या अंधारात तो बरीच वर्षं होता, मग त्याला वाळवी लागली, आणि वाडा पाडताना उरलासुरला मलब्यात गेला. दादानं तोवर त्याचं नाव काढलं नव्हतं. त्या वाक्यानं मला कळलं की पिशवी भरताना त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा मुलगा नव्हता, मान खाली घातलेला तो दुसरा बैल होता. त्याला माझ्या बैलातून आपला परत हवा होता. मला दादाबद्दल त्या क्षणी जेवढी माया वाटली तेवढी बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती. तरी माझं उत्तर बदललं नाही. त्याच्या हरवलेल्या बैलाची भरपाई माझ्या जपलेल्या बैलानं कशी होणार? जपणं हेही काम आहे. दर पावसाळ्याआधी मी त्याला जवसाचं तेल लावते, झुलीत कडुनिंबाचा पाला ठेवते. फ्लॅटमध्ये माळा नाही, तर शयनघरातल्या लॉफ्टवर त्याच्यासाठी जागा राखताना मी एक सूटकेस काढून टाकली. इतकी वर्षं हे कुणी बघितलं नाही, आणि बघितलं जावं असंही मला कधी वाटलं नाही. पण शेवटी तो बैल शाबूत उरला तो या कामामुळे, नुसत्या नशिबानं नव्हे.

दादाला मी एक गोष्ट कबूल केली आणि ती केली आहे. त्याच्या बैलाचा एक फोटो माझ्याकडे होता, आम्ही दोघं ओसरीवर, दोघांचे बैल समोर. तो मोठा करून त्याला पाठवला. नंदनवनकडे एक सुतार आहेत, ते फोटोवरून काम करतात. मान खाली घातलेला बैल सागवानात करून द्यायचं त्यांनी मान्य केलं आहे. लाकूड वाड्याचं नसेल. दादा म्हणाला, चालेल.

मोठी आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. मी तिला दर आठवड्याला फोन करते. तिच्या गुडघ्यांचं विचारते, ती उत्तर देते, बैलाचा विषय दोघी काढत नाही. तिनं आयुष्यभर आपल्या हातातलं दुसऱ्यांना देत काढलं, बहुतेक वेळा न विचारता घेतलं गेलं ते. तिच्या माहेरून आलेली चांदीची फुलपात्रं कुणाकुणाच्या लग्नात गेली हे तिला नावानिशी पाठ आहे. ज्या बाईला कधीच "नाही" म्हणता आलं नाही, तिला माझं "नाही" उद्धट वाटणारच. मला तिचा राग येत नाही.

बैल पुढे कुणाकडे जाईल ते मी ठरवणार आहे. कदाचित दादाच्या मुलाकडेच जाईल. तो मोठा होऊन, मान उजवीकडे का वळली आहे असं विचारायला आला तर. कदाचित आणखी कुणाकडे. ते ठरवायला मला अजून पुष्कळ वेळ आहे. तोवर दर तान्हा पोळ्याला संध्याकाळी आमचं दार उघडं असतं. मुलांना घेऊन या. बैल ओढू द्या, त्याच्या खांद्यावरून हात फिरवू द्या, बोजारा घ्या. बैल मात्र मागू नका.